मित्राने विश्वासाने वाचायला दिलेले हस्तलिखित

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. आम्ही सहा मित्र वर्षानुवर्षे संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो आणि नंतर तिथल्याच कट्ट्यावर तासभर गप्पा मारत बसतो. आमच्यापैकी एक जण इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या भागातील एका देवस्थानाच्या पूजापरंपरेत शतकानुशतके कसे बदल होत गेले याविषयी एक पुस्तक लिहिले असून ते काही महिन्यांत प्रकाशित व्हायचे आहे. त्यांनी हस्तलिखिताच्या प्रती मला आणि आणखी एका मित्राला वाचायला दिल्या आणि पुस्तक बाहेर येईपर्यंत त्याविषयी कुठेही बोलू नका, असे सांगितले. मी तसा शब्द दिला. दुसऱ्या मित्राने मात्र घरी जेवताना त्यातले एक वाक्य सांगितले आणि ते फिरत फिरत पेठेतल्या तालमीपर्यंत गेले. आता 'देव मूळचा आपला नव्हताच, असे छापून येणार आहे' असे लोक म्हणू लागले आहेत. पुस्तकात असे कुठेही लिहिलेले नाही. आमच्यातला एक मित्र उत्सव समितीवर आहे. तो रोज मला विचारतो आणि मी 'मला काही माहीत नाही' असे खोटे सांगतो. माझी आणखी एक अडचण आहे. मी स्वतः त्या देवाचा भक्त आहे आणि चौथ्या प्रकरणातील भाषा वाचून मला मनापासून वाईट वाटले. ते मित्राला सांगावे की नाही, हे कळत नाही. पत्नी म्हणते, हस्तलिखित परत करा आणि यातून मोकळे व्हा. मी काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण पत्रात देवस्थानाचे आणि लेखकाचे नाव लिहिले होते. ते इथे छापलेले नाही आणि ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. हस्तलिखित परत करू नका, त्यातला मजकूर कुणाला सांगू नका आणि 'मला माहीत नाही' हे म्हणणे आजपासून थांबवा. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

शब्द पाळण्यासाठी खोटे बोलावे लागते, ही आपली समजूत खरी नाही. 'मी ते वाचले आहे, पण पुस्तक बाहेर येईपर्यंत त्याविषयी बोलणार नाही असे मी कबूल केले आहे' एवढे वाक्य पुरे आहे. ते खरे असल्यामुळे रोज तेच सांगता येते आणि त्यात वाढवण्या-घटवण्यासारखे काही नसते. पुस्तक प्रकाशित झाल्यावर आपण ते आधीच वाचले होते हे आपल्या मित्रांना कळणारच आहे. त्या दिवशी उत्सव समितीवरील मित्राला असे वाटेल की, आपण गप्प राहिलो ते त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून. इतक्या वर्षांची मैत्री पुस्तकातल्या कुठल्याही विधानाने तुटली नसती, ती अशा खोट्यामुळे तुटू शकते.

आता मजकुराविषयी. अप्रकाशित लेखन कधी, कुठे आणि कोणत्या रूपात लोकांसमोर आणायचे हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने तो त्याला दिलेला आहेच, पण आपल्या प्रसंगात कायद्यापेक्षा महत्त्वाची एक साधी गोष्ट आहे : आपल्या हातात आहे ते पुस्तक नव्हे, त्याचा खर्डा आहे. लेखक अजून एखादे वाक्य काढेल, एखाद्या पुराव्याची पुन्हा तपासणी करेल, संपादक एखादे प्रकरण मागेपुढे करेल. आज आपण ज्या वाक्याचा उच्चार बाहेर कराल ते छापील प्रतीत नसण्याचीही शक्यता आहे. तरीही पेठेत ते वाक्य लेखकाच्या नावावर कायमचे जमा होईल, आणि जे त्याने स्वतः विचारपूर्वक काढून टाकले त्याचा जाब त्याला जन्मभर द्यावा लागेल.

अफवेबद्दल आपण विचारले नाही, पण आपल्या पत्रातला सर्वांत कठीण भाग तोच आहे. तालमीत जे बोलले जाते ते पुस्तकात नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे 'असे त्यात लिहिलेलेच नाही' एवढे सांगून टाकावे असा मोह आपल्याला होत असणार. तो मोह चांगल्या हेतूचा आहे, तरी तो आवरावा असे मी म्हणेन. आज आपण एक गोष्ट नाकारली की उद्या दुसरी विचारली जाईल, परवा तिसरी. त्यांतली एखादी पुस्तकात खरोखरच असली तर तिथे आपल्याला गप्प राहावे लागेल, आणि ऐकणारा त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असाच घेईल. अशा रीतीने एकही वाक्य न सांगता सारे पुस्तक आपल्या तोंडून काढून घेता येते. त्यापेक्षा ऐकलेली अफवा, जशी ऐकली तशी, शब्दशः लेखकाला सांगा. कुणाकडून ऐकली याची चौकशी करत बसू नका. प्रकाशकाशी बोलून दोन ओळींचे निवेदन द्यायचे, प्रास्ताविकातच त्या गैरसमजाचे निरसन करायचे की काहीच न करता पुस्तक लवकर आणायचे, हे त्याने ठरवायचे आहे. आपले काम त्याला अंधारात न ठेवण्याचे आहे.

ज्या मित्राने घरी जेवताना ते वाक्य सांगितले त्याच्यावर मी फार कठोर होणार नाही. त्याने ते दुष्टपणाने सांगितले असे आपल्या पत्रावरून दिसत नाही. पण त्याने लेखकासमोर जाऊन आपल्याकडून हे झाले असे स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्यासाठी आपण त्याच्या मागे लागले पाहिजे. लेखकाला हे दुसऱ्या कुणाकडून कळणे वाईट.

मी इतकी सावधगिरी सांगते आहे त्याचे कारण आपले शहर जाणते. 7 जून 2023 रोजी मोबाइलवर ठेवलेल्या काही स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानांचे नुकसान झाले आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्याआधी, 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून परत येणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि 20 फेब्रुवारीला पानसरे यांचा मृत्यू झाला. ते आयुष्यभर लिहीत आणि बोलत आले होते, आणि त्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका सामान्य वाचकांच्या घराघरांत होती. ही उदाहरणे मी घाबरवण्यासाठी देत नाही. आपल्याकडे धर्मावरचे पुस्तक हा केवळ अभ्यासकांच्या चर्चेचा विषय राहत नाही, म्हणून त्याच्याविषयी उच्चारलेल्या सुट्या वाक्याची जबाबदारीही इतर गप्पांपेक्षा मोठी असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

मराठी समाजाने याचे एक उदाहरण फार पूर्वी पाहिलेले आहे. 1849 मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद आणि मूर्तिपूजा न मानणारे तरुण तिथे गुप्तपणे जमत, एकत्र प्रार्थना करत आणि जात न पाळता एकत्र जेवत. सुमारे अकरा वर्षे हे चालले. मग 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद बाहेर फुटले आणि सभा मोडली. त्यांच्या विचारांचा प्रतिवाद कुणी केला म्हणून ती मोडली नाही. आपले नाव घरी आणि जातीत कळेल या भीतीने माणसे पांगली. त्यांतल्या काहींनी पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाजाच्या कामात भाग घेतला आणि तेच विचार उघडपणे, स्वतःच्या नावाने मांडले. मला हा इतिहास दोन्ही अंगांनी महत्त्वाचा वाटतो. नावे फोडणाऱ्याने विश्वासघात केला हे तर खरेच, पण जे म्हणायचे ते कधी ना कधी उघड म्हणावेच लागते, हेही त्या तरुणांना उमगले.

म्हणूनच आपल्या मौनाला मुदत आहे हे विसरू नका. ती मुदत पुस्तक विक्रीला येईल त्या दिवशी संपते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले. त्यामुळे मराठीतले प्राचीन गद्य शाबूत राहिले, हे त्या पंथाचे आपल्यावर मोठे ऋण आहे. परंतु त्या ग्रंथांत काय आहे हे बाहेरच्यांना माहीत नसल्यामुळे पंथाविषयी नाही नाही ते समज पसरले आणि त्यांचा त्रास अनुयायांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला. दीर्घकाळ चाललेल्या मौनाच्या जागी संशय येऊन बसतो. पुस्तक बाहेर आल्यावर आपण त्याविषयी मोकळेपणाने बोला, आवडले ते आवडले म्हणा, पटले नाही ते पटले नाही म्हणा, आणि हे उत्सव समितीवरील मित्राला आजच सांगून ठेवा : 'प्रकाशनानंतर पहिल्याच संध्याकाळी तू विचारशील त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी देईन.'

त्या मित्राविषयी थोडे अधिक लिहायला हवे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख जरासा धास्तीने आला आहे. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पुस्तक आल्यावर लोक आधी त्यालाच विचारणार आहेत, 'तुझा मित्र ना तो? तुला माहीत नव्हते?' समितीत त्याला मान खाली घालावी लागेल अशी भीती त्याला वाटत असेल तर ती रास्त आहे. तेव्हा लेखकाला असे सुचवा की त्याने स्वतः त्या मित्राच्या घरी जावे आणि पुस्तकाचा विषय काय, आपण कोणती साधने वापरली, काय म्हटले आहे आणि काय म्हटलेले नाही, हे त्याला समोर बसून सांगावे. सारे हस्तलिखित द्यायचे की नाही हा लेखकाचा प्रश्न. हे सांगणे मात्र लेखकाच्या तोंडूनच व्हायला हवे. आपण मध्यस्थ झालात तर दोघांच्या रागाचे धनी व्हाल आणि निरोप पोचवताना त्याचे शब्दही बदलतील. कोल्हापूरला अशा समोरासमोरच्या वादाची परंपरा आहे. 1899 मध्ये पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतील, मंत्रांऐवजी शूद्रांसाठी मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे लक्षात आले, आणि त्यावरून उठलेला वाद पुढे कित्येक वर्षे चालला. तो कडवट होता, पण अर्ज, शास्त्राधार, निर्णय आणि वर्तमानपत्रांतील लेख या मार्गांनी उघडपणे लढला गेला, आणि त्यामुळेच आज आपण तो कागदांवरून वाचू शकतो.

आता चौथ्या प्रकरणाचे. आपण हे लेखकाला सांगावे की नाही असे विचारता. सांगायलाच हवे, आणि ते प्रकाशनाच्या आधी. बाहेर गप्प राहण्याचे वचन घेतलेल्या माणसाला आत स्पष्ट बोलण्याचा अधिकार मिळतो, नाहीतर त्याला हस्तलिखित देण्यात काही अर्थच उरत नाही. आपण इतिहासकार नाही म्हणून संकोचू नका. लेखकाला इतिहासकार वाचक हवे तेवढे मिळतील. श्रद्धा असलेला, पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा आणि तरीही त्याचा मित्र राहणारा वाचक त्याला कदाचित आपण एकटेच आहात.

ते कसे सांगावे याविषयी माझा आग्रह आहे. तोंडी न सांगता पृष्ठ क्रमांक घालून कागदावर लिहा आणि लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. काही ठिकाणी आपल्याला निष्कर्षच खुपला असेल, म्हणजे शिलालेख, मोडी कागद किंवा जुन्या सनदांवरून लेखकाने जे अनुमान काढले तेच पटले नसेल. तिथे 'हे अनुमान या कागदावरून निघते का?' एवढाच प्रश्न विचारा. पुरावा भक्कम असेल तर आपल्याला दुःख होते म्हणून ते काढ असे त्याला सांगू नका. तसे सांगण्याचा अधिकार मैत्रीलाही नाही. इतर काही ठिकाणी पुरावा एक गोष्ट सांगत असेल आणि लेखकाचे विशेषण दुसरीच, 'भोळसट', 'भाकड' असले शब्द आले असतील, पुजाऱ्यांवरील राग सरसकट भक्तांवर निघाला असेल. ही वाक्ये खुणा करून दाखवा. ती गेल्याने पुस्तकाचा एकही निष्कर्ष कमकुवत होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पायरीवर लोकांनी डोके टेकवले तिच्याविषयी लिहिताना भाषा संयत असावी, हे मी भीतीपोटी म्हणत नाही. त्या माणसांना वगळून त्या देवस्थानाचा इतिहासच लिहिता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक उपयोगी आहे. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे कलम 295-अ हे 1927 मध्ये भारतीय दंड संहितेत आले आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये ते आहे. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे, परंतु हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अवमानच या कलमाखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच स्पष्ट केले. प्रामाणिक संशोधन हा गुन्हा नव्हे. मात्र तक्रार झाली तर हेतू शोधताना सारेजण आधी विशेषणांकडेच बोट दाखवतात. प्रकाशकाने एकदा वकिलाकडून हस्तलिखित वाचून घ्यावे, असेही लेखकाला सुचवा.

एका बाबतीत मात्र दिलेला शब्द आपल्याला बांधत नाही. लेखकाला मारहाण करण्याचे, प्रकाशन उधळण्याचे किंवा छापखान्यात घुसण्याचे बोलणे आपल्या कानावर आले, मग ते ओळखीच्या माणसाच्या तोंडचे आणि चेष्टेत म्हटलेले का असेना, तर ते त्याच दिवशी लेखकाला सांगा आणि धोका जवळचा वाटला तर 112 क्रमांकावर कळवा. तिथे पुस्तकात काय आहे हे सांगण्याची गरज नसते.

आपल्या पत्नींचे म्हणणे मला समजते. घराला त्रास नको, ही त्यांची इच्छा चुकीची नाही. पण आज हस्तलिखित परत केलेत तर ते भीतीने परत केले असे लेखकाला वाटेल, आणि वाचलेले तर आपल्या मनातून जाणार नाही. त्यापेक्षा ती प्रत कपाटात कुलपात ठेवा, तिचे फोटो काढू नका, पीडीएफ आली असेल तर मोबाइलवर ठेवू नका. टिपणे लिहून झाली की टिपणांसह प्रत लेखकाच्या हातात द्या. काम पूर्ण करून केलेली ती परतफेड असेल आणि पत्नींचीही काळजी दूर होईल.

प्रश्न : मी उद्यमनगरातील एका छापखान्यासाठी अक्षरजुळणीचे काम करते. सध्या धर्माविषयीच्या एका पुस्तकाची प्रुफे माझ्याकडे आहेत. आमच्या भिशीतल्या मैत्रिणींना हे कळले असून त्या 'एखादे पान तरी दाखव' म्हणून मागे लागल्या आहेत. मी घरूनही काम करते. मैत्रिणींना दुखावल्याशिवाय कसे टाळावे?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आपला प्रश्न वरील वाचकांपेक्षा सोपा आहे, कारण आपण हे काम मोबदला घेऊन करता. ग्राहकाचा मजकूर बाहेर न जाऊ देणे हा आपल्या कामाचाच भाग आहे. शिंपी एका घरचे माप दुसऱ्या घरी सांगत नाही, तसेच हे आहे, आणि मैत्रिणींना एवढे सांगितले तर त्या समजून घेतील. 'मी ते वाचत नाही, नुसते टाइप करते' असे मात्र म्हणू नका. ते खरे नाही हे त्यांना कळते, आणि त्यामुळे त्यांचा आग्रह वाढेल.

मला काळजी वाटते ती मैत्रिणींपेक्षा कागदांची. दुरुस्त्या झालेली जुनी प्रुफे बहुतेक ठिकाणी रद्दीत जातात. घरी काम करणाऱ्यांकडे त्यांच्या कोऱ्या बाजूवर मुले गणिते करतात, किराणा मालाच्या याद्या लिहिल्या जातात, कधी त्यांत भाजी बांधून दिली जाते. एरवी याचे काही वाटत नाही. अशा पुस्तकाच्या बाबतीत मात्र एक सुटे पान, मागचापुढचा संदर्भ तुटलेले आणि वर लेखकाने खोडलेले वाक्य तसेच दिसत असलेले, कुणाच्या हाती लागणे फार वाईट. तेव्हा प्रत्येक फेरीची प्रुफे मोजून छापखान्यात परत करा आणि तिथेच ती फाडून नष्ट करण्याची व्यवस्था मालकांना करायला सांगा. संगणकाला पासवर्ड असू द्या. फाइलला पुस्तकाच्या नावाऐवजी छापखान्याचा काम क्रमांक द्या, म्हणजे शेजारी कुणी उभे असले तरी पडद्यावर नाव दिसणार नाही. मजकूर पाठवण्यासाठी छापखान्याच्या कामाचा तो मोठा व्हॉट्सॲप ग्रुप वापरू नका, ज्यात कागदवाले आणि बाइंडरही असतात. फाइल फक्त लेखक आणि संपादक यांनाच जावी. मुखपृष्ठाचा नमुनाही याच नियमात येतो, कारण पुस्तकाचे नाव आणि चित्र एवढ्यावरूनच लोक आत काय असेल याची कल्पना करून घेतात.

मजकूर टाइप करताना आपल्याला स्वतःलाच तो सहन होत नसेल, तर तेही मालकांना सांगता येते. काम दुसऱ्याकडे सोपवायची विनंती करण्यात काही गैर नाही. अर्धे काम करून बाहेर त्याविषयी बोलणे मात्र गैर आहे.

प्रश्न : धर्मावरचे माझे पहिले पुस्तक येत आहे. ज्या मित्रांनी हस्तलिखित वाचून सूचना केल्या त्यांची नावे ऋणनिर्देशात घालावीत, की त्यांच्या सुरक्षिततेसाठी गाळावीत? मला कृतघ्न व्हायचे नाही.
— एक लेखक, करवीर तालुका

उत्तर : प्रत्येकाला विचारा आणि त्याचे उत्तर लेखी घ्या. हे आपण त्यांच्या वतीने ठरवू नका, कृतज्ञतेपोटीही नाही आणि काळजीपोटीही नाही.

हा प्रश्न किती खरा आहे हे महाराष्ट्राने 2003 च्या अखेरीस पाहिले आहे. शिवचरित्रावरील एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकात आभार मानताना पुण्यातील काही विद्वानांची नावे आली होती. त्यांतल्या एका संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि पुढे 5 जानेवारी 2004 रोजी, 1917 मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन तिथल्या दुर्मीळ ग्रंथांची आणि वस्तूंची नासधूस झाली. ज्यांनी ते पुस्तक लिहिले नव्हते आणि त्यातल्या आक्षेपार्ह विधानाशी ज्यांचा संबंध नव्हता, त्यांना ते सोसावे लागले. राज्य सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तो निर्णय कायम ठेवला, पण जळलेल्या मनाला आणि फाटलेल्या पोथ्यांना न्यायालय काय देणार? हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

मित्रांना विचारताना 'तुमचे नाव घालू का?' एवढ्यावर थांबू नका. ज्या वाक्यात नाव येणार ते वाक्य आणि ज्या प्रकरणावर आक्षेप येण्याची शक्यता आहे ते प्रकरण, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. हस्तलिखित वाचणे आणि त्यातल्या मतांशी सहमत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या ऋणनिर्देशात स्पष्ट लिहा : अमुक मित्रांनी वाचून सूचना केल्या, त्यांतल्या काही मी स्वीकारल्या, काही स्वीकारल्या नाहीत, आणि पुस्तकातील मतांची जबाबदारी माझी एकट्याची आहे. कुणी तीव्र मतभेद नोंदवले असतील आणि त्याला हरकत नसेल तर तेही नावासह लिहा. अशा मित्राचा उल्लेख पुस्तकाची प्रतिष्ठा वाढवतो आणि त्यालाही सुरक्षित ठेवतो.

कुणी नाही म्हटले तर त्याचे मन वळवू नका आणि आद्याक्षरे देऊन अर्धवट उल्लेखही करू नका. गावात आद्याक्षरांवरून माणूस ओळखायला वेळ लागत नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना 1848 पासून 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने लिहीत होते, आणि त्यांची टीका बोचरी असूनही संपादकांनी त्या नावाआड त्यांना लिहू दिले. ज्याला नाव नको त्याला ते न देणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. अशा मित्राचे ऋण मानायला ऋणनिर्देशाखेरीज पुष्कळ जागा आहेत : स्वाक्षरी करून दिलेली पहिली प्रत, किंवा त्याच्या घरी जाऊन उच्चारलेले दोन शब्द.

हे सारे दुसऱ्या प्रुफाच्या आत उरका. ज्यांचा लेखी होकार तोपर्यंत आलेला नसेल त्यांची नावे त्याच फेरीत काढून टाका, आणि अंतिम प्रुफात तीच पाने पुन्हा एकदा स्वतः वाचून मगच छपाईला मंजुरी द्या.